नियम पदाचा की जोखमीचा?

कोणत्याही संस्थेत नियम करणे सोपे असते. तो नियम कोणाला लागू होणार नाही हे ठरविताना मात्र त्या संस्थेचा खरा स्वभाव उघड होतो. आपल्या कचेऱ्या, सहकारी बँका आणि महाविद्यालये यांच्यामध्ये गेल्या काही वर्षांत जी एक नवी नियमावली मुकाट्याने रूढ झाली आहे, तिच्याबाबत हे विधान तंतोतंत खरे ठरते. ती सूचनाफलकावर लागत नाही आणि कार्यकारी मंडळाच्या सभेपुढेही येत नाही. संगणक विभागातील एखाद्या टेबलावर ती तयार होते आणि तेथूनच शेकडो माणसांच्या दैनंदिन व्यवहारावर अंमल गाजविते. ई-मेलच्या सुरक्षेची ही नियमावली होय. कोणाच्या पत्रांची किती कसून झडती घ्यावयाची, कोणाला कोणत्या प्रकारचे जोडपत्र उघडू द्यावयाचे, संशयास्पद म्हणून बाजूला काढलेले पत्र सोडविण्याचा अधिकार कोणाला द्यावयाचा, पासवर्डखेरीज आणखी एक ओळख कोणाकडून मागावयाची, हे सारे त्यात गटवार ठरविलेले असते. हा तंत्रज्ञांचा विषय आहे अशी समजूत करून घेऊन आपण त्याकडे पाठ फिरविली आहे. वस्तुतः तो अधिकाराचा, जबाबदारीचा आणि नुकसानीच्या वाटणीचा प्रश्न आहे. आणि या तिन्ही गोष्टी तंत्रज्ञावर सोपवून मोकळे होता येत नाही.

मुळात ही झडती का घ्यावी लागते, हे प्रथम पाहिले पाहिजे. ई-मेलची ने-आण ज्या संकेतांनुसार चालते, ते जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये शब्दबद्ध केले. त्या वेळी संगणकांचे जाळे मोजक्या विद्यापीठांपुरते आणि संशोधन संस्थांपुरते मर्यादित होते. एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांच्या त्या जगात पाठविणाऱ्याने आपले म्हणून जे नाव लिहिले ते खरे मानण्यात काही गैर नव्हते. पुढे हे जाळे जगभर पसरले. विश्वासाचा तो जुना संकेत मात्र तसाच राहिला. त्याला पुढील काळात ठिगळे लावण्यात आली. एखाद्या संस्थेच्या नावाने पत्र पाठविण्याचा अधिकार कोणत्या यंत्रांना आहे हे एसपीएफ या पद्धतीने जाहीर करता येते. डीकेआयएममुळे पत्रावर एक प्रकारची मोहोर उमटते. आणि २०१२ मध्ये पुढे आलेल्या डीमार्कमुळे, या कसोट्यांना न उतरलेल्या पत्राकडे काणाडोळा करावा, ते बाजूला ठेवावे की साफ नाकारावे, हे त्या संस्थेला जगाला सांगता येते. गूगल आणि याहू यांनी घाऊक प्रमाणात पत्रे धाडणाऱ्यांवर या व्यवस्थेची सक्ती केली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. म्हणजे मूळ संकेताला चार दशके उलटून गेल्यावर!

परंतु या कसोट्या लिफाफ्यावरील पत्ता तेवढा तपासतात. एका अक्षराचा फरक करून घेतलेला मिळताजुळता पत्ता त्यांतून सुखरूप पार पडतो. आणि एखाद्याचे अस्सल खातेच चोराच्या हाती गेले असेल तर त्यावरून निघालेले पत्र सर्वार्थाने 'खरे' असते. म्हणून वेशीवरच्या पहाऱ्याखेरीज आतल्या दारांचाही विचार करावा लागतो. आजच्या व्यवस्थांमध्ये त्याची सोय आहे. गूगलच्या व्यवस्थेत संस्थेचे विभाग आणि पोटविभाग पाडता येतात. वरच्या विभागाचा नियम खालच्याला वारशाने मिळतो आणि आवश्यक तेथे तो बदलता येतो. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत साधे आणि कडक असे तयार नियमसंच असून ते व्यक्तींना, गटांना वा संपूर्ण संस्थेला लावता येतात. साधन हाताशी आहे. प्रश्न गट कोणत्या तत्त्वावर पाडावयाचे हा आहे.

सरसकट समतेचा मोह

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सर्वांना एकच नियम. त्यात न्यायाचा भास होतो. परंतु गरीब आणि श्रीमंत यांच्यावर सारखाच कर बसविणे याला जसे कोणी न्याय म्हणत नाही, तसेच हेही आहे. महाविद्यालयाच्या प्रवेश विभागाला जून-जुलैत शेकडो अनोळखी पालकांची पत्रे, गुणपत्रिकांच्या प्रती आणि दाखले येतात. अनोळखी माणसाचे जोडपत्र उघडणे हेच तेथील काम आहे. परीक्षा विभागाचे नेमके उलट आहे. तेथे कोणाही अनोळखी माणसाचे जोडपत्र उघडण्याचे सहसा कारण नसते. दोघांना एकच नियम लावला तर तो एकीकडे काम बंद पाडील किंवा दुसरीकडे दार उघडे ठेवील.

शिवाय सावधगिरी फुकट मिळत नाही. सुरक्षेचा प्रत्येक नियम माणसाचा वेळ आणि लक्ष खर्ची घालतो. आणि हा खर्च कोणत्याच ताळेबंदात दिसत नसल्यामुळे नियम करणाऱ्याला तो शून्य वाटतो. कॉर्मॅक हर्ली या संशोधकाने २००९ मध्ये नेमके याच गोष्टीवर बोट ठेवले. सर्वसामान्य माणूस सुरक्षेचा उपदेश धुडकावतो तो आळसाने नव्हे. त्या उपदेशाचे पालन करण्यास लागणारे श्रम त्याच्या वाट्याच्या संभाव्य नुकसानीपेक्षा अधिक असतात म्हणून, असे त्यांचे प्रतिपादन होते. लॉरेन्स गॉर्डन आणि मार्टिन लोब या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये मांडलेल्या प्रतिमानाचा निष्कर्षही असाच बोधप्रद आहे. त्यांनी गृहीत धरलेल्या परिस्थितीत माहितीच्या रक्षणावरील इष्टतम खर्च हा अपेक्षित नुकसानीच्या सुमारे ३७ टक्क्यांपलीकडे जात नाही. आकडा बाजूला ठेवला तरी मर्म उरतेच. सावधगिरी हे दुर्मीळ साधन आहे. आणि दुर्मीळ साधन सर्वांना सारखे वाटून टाकण्याऐवजी, जेथे त्याच्या शेवटच्या मात्रेचा उपयोग अधिक तेथे ते योजावयाचे असते.

मानाप्रमाणे सूट

दुसरा मार्ग अधिक घातक आणि आपल्याकडे अधिक प्रचलित आहे. तो म्हणजे पदानुसार वर्गवारी. लिपिकाला सारे निर्बंध, प्राध्यापकाला त्याहून कमी, प्राचार्यांना नाममात्र आणि संस्थेच्या अध्यक्षांना एकही नाही! दर वेळी मोबाइलवर येणारा अंक टाकण्याचा साहेबांना त्रास होतो, म्हणून ती पडताळणी काढली जाते. अध्यक्षांच्या स्नेह्याचे पत्र एकदा अडकले, म्हणून त्यांच्या खात्याची झडतीच बंद होते. सरबराईच्या या रीतीत सुरक्षा हा जणू कनिष्ठांना भरावा लागणारा दंड ठरतो आणि तिच्यातून सुटका हा वरिष्ठांचा मान.

चोराचा हिशेब याच्या उलट असतो. त्याला हवे असते ते वजनदार नाव. अमेरिकेत हिलरी क्लिंटन यांनी २००९ ते २०१३ या काळात परराष्ट्रमंत्री असताना सरकारी कामासाठी खाजगी व्यवस्थेवरील ई-मेल वापरला. त्यासाठी त्यांनी परवानगी मागितली नव्हती आणि मागितली असती तरी ती मिळाली नसती, असे त्याच खात्याच्या महानिरीक्षकांनी मे २०१६ च्या अहवालात नमूद केले. खात्यातील सामान्य कर्मचाऱ्याला असे धाडस करता आले असते काय? त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांच्या निवडणूक मोहिमेचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांच्या खाजगी खात्यावर, पासवर्ड तातडीने बदला अशी बतावणी करणारे पत्र आले. मदतनिसाने ते खरे असल्याचे कळविले. आपल्याला 'खोटे' असे लिहावयाचे होते, असा खुलासा त्याने पुढे केला. ऑक्टोबरमध्ये ती सारी पत्रे विकिलीक्सवरून जगापुढे आली. मोहिमेतील सर्वांत मोलाचे खाते एका शब्दाच्या चुकीवर लटकत होते.

पैशाची उदाहरणे तर याहून बोलकी आहेत. विमानांचे भाग बनविणाऱ्या एफएसीसी या ऑस्ट्रियन कंपनीत प्रमुखांच्या नावाने आलेल्या खोट्या ई-मेलवर विसंबून कोट्यवधी युरो बाहेर पाठविण्यात आले. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने सुमारे ५ कोटी युरोंचे नुकसान जाहीर केले आणि त्याच वर्षी मे महिन्यात प्रमुखांना पायउतार व्हावे लागले. इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने संदेश आले आणि १ कोटी रुपयांहून अधिक रक्कम भामट्यांच्या खात्यांत गेली. तेथे माध्यम ई-मेलचे नव्हते, व्हॉट्सॲपचे होते. पण युक्ती तीच. वरच्याचे नाव आणि तातडीचा हुकूम यांपुढे हिशेबाची सारी शिस्त नमली. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून फेब्रुवारी २०१६ मध्ये ८ कोटी १० लाख डॉलर लुटले गेले. त्या कटाची पूर्वतयारी २०१५ च्या जानेवारीत, नोकरीच्या अर्जाचा बहाणा करणाऱ्या ई-मेलने झाली होती, असे अमेरिकेच्या तपास यंत्रणेने पुढे न्यायालयात मांडले. तेथे दार उघडले ते अनोळखी उमेदवाराचे पत्र वाचणाऱ्या कर्मचाऱ्याच्या टेबलावर.

तीन प्रश्न

या उदाहरणांवरून वर्गवारीची कसोटी आपोआप निघते. प्रत्येक खात्याबाबत तीन प्रश्न विचारावे. या खात्याच्या शब्दावर किती पैसा वा किती लोकांची माहिती हलते? हे खाते सांभाळणाऱ्याला अनोळखी माणसांची पत्रे किती उघडावी लागतात? आणि या माणसाचे नाव चोरल्यास कोणाकोणावर दबाव आणता येतो? पहिल्या प्रश्नाने लेखा विभाग, परीक्षा विभाग आणि संगणक विभागातील सर्वाधिकारी खाती कडक गटात येतात. दुसऱ्याने प्रवेश आणि भरती विभाग निराळे होतात. त्यांना जोडपत्रे मिळावीत, पण ती आधी बंदिस्त जागी उघडून तपासली जावीत. तिसऱ्याने प्राचार्य आणि अध्यक्ष कडक गटात येतात. त्यांच्या नावाशी साम्य असणारे बाहेरचे पत्र आले की ते अडविले जावे, अशी सोय या व्यवस्थांत करता येते. ती प्रथम त्यांच्याच नावांसाठी वापरली पाहिजे. विद्यार्थ्यांच्या हाती पैसा नसतो. परंतु त्यांची खाती हजारोंनी असतात आणि त्यांपैकी एक जरी चोरीला गेले तरी त्यावरून निघालेले पत्र संस्थेच्या आतलेच ठरते. तेव्हा तेथे येणाऱ्या पत्रांइतकेच जाणाऱ्या पत्रांच्या संख्येवरही लक्ष हवे. शेजाऱ्याच्या दाराला कडी नसेल तर भिंतीपलीकडच्या घरालाही धोका असतो, हे वाड्यात राहिलेल्या माणसाला सांगावयास नको.

हे तत्त्व अव्यवहार्य आहे असे म्हणण्यास जागा नाही. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी जी सायबर सुरक्षेची चौकट आखून दिली, ती श्रेणीवारच आहे. तिच्यात चार पायऱ्या असून बँकेची पायरी तिच्या दबदब्यावर नव्हे, तर तिचे व्यवहार संगणकावर किती खोलवर गेले आहेत आणि देयक-व्यवस्थांशी ती किती जोडलेली आहे यावर ठरते. तळाच्या पायरीवरील बँकेलाही स्वतःच्या नावाचा ई-मेल पत्ता आणि डीमार्कचे संरक्षण चुकलेले नाही. किमान सर्वांना आणि वरची मात्रा जोखमीनुसार, हे सूत्र सहकारी बँकांना लागू करता येते, तर एकाच संस्थेच्या विभागांना का येऊ नये?

अर्थात तत्त्व ठरले म्हणजे काम संपत नाही. गट एकमेकांवर चढतात. लेखा विभागातील एखादी व्यक्ती प्रवेश समितीवरही असते. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत अशा वेळी क्रमाने वर असलेला नियम लागू होतो आणि खालचा पाहिलाच जात नाही. तेव्हा सैल नियम वर राहिला तर कडक नियम कागदावरच राहतो. 'या पत्त्यावरून आलेले काहीही अडवू नका' अशी परवानगी एका पुरवठादारासाठी एकदा दिली जाते आणि ती देणारा बदलून गेल्यावरही वर्षानुवर्षे चालू राहते. निवृत्त झालेल्यांची खाती जिवंत राहतात. एकच पासवर्ड पाचजण वापरतात आणि मग जबाबदारी कोणाचीच उरत नाही. म्हणून प्रत्येक सवलतीला लेखी कारण, देणाऱ्याची सही आणि संपण्याची तारीख असलीच पाहिजे. सरकारी अनुदानाबाबत आपण जो आग्रह धरतो, तोच येथेही धरावयाचा आहे.

नियमाला वळसा घालणारे नेहमीच बेशिस्त असतात असे मानणेही चूक आहे. रायगडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद झाल्यावर तान्ह्या मुलाच्या ओढीने कडा उतरून गेलेल्या हिरकणीची आख्यायिका आपल्याला पाठ आहे. महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. जेथून ती उतरली तेथे बुरूज बांधला, असे ती आख्यायिका सांगते. गडाची उणीव ज्या वाटेने कळली, ती वाट दाखविणाऱ्या व्यक्तीचा गौरव झाला. आपल्या कचेऱ्यांत मोठी फाइल जात नाही म्हणून कर्मचारी ती खाजगी ई-मेलने किंवा व्हॉट्सॲपने धाडतो, तेव्हा तोही कड्यावरची वाट दाखवीत असतो. त्याच्यावर ज्ञापन बजावण्यापूर्वी, त्याचे काम सरळ वाटेने होण्याची सोय आपण केली आहे काय, हे पाहावयास हवे.

नुकसान कोणाच्या माथी?

या साऱ्या विवेचनाच्या मुळाशी शेवटी एकच प्रश्न उरतो. फसवणूक झाल्यावर नुकसान कोणी सोसावयाचे? केंब्रिजचे रॉस अँडरसन यांनी २००१ मधील एका निबंधात दाखवून दिले की, रोकड-यंत्रांवरील वादात अमेरिकेत सिद्धतेचा भार बँकेवर होता, तर ब्रिटनमध्ये बँका ग्राहकालाच खोटे ठरवू शकत होत्या. परिणाम असा झाला की, ब्रिटिश बँकांनी सुरक्षेवर अधिक खर्च करूनही तेथे फसवणूक अधिक झाली. कारण ज्याला नुकसान सोसावे लागत नाही, त्याला दक्ष राहण्याची गरज भासत नाही. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये, त्रयस्थाच्या लबाडीने ग्राहकाचा दोष नसताना पैसे गेले आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले तर त्याचे दायित्व शून्य राहील असे ठरविले, ते याच न्यायाने.

संस्थेच्या आत मात्र हा न्याय पोहोचलेला नाही. तेथे खोट्या हुकुमावर पैसे पाठविणारा लिपिक हाच सर्वांत सोयीचा आरोपी असतो. ग्लासगोतील एका प्रकाशन संस्थेने तर आपल्या माजी महिला कर्मचाऱ्यावर सुमारे १ लाख ८ हजार पौंडांचा दावा लावला. वरिष्ठांच्या नावाने आलेल्या ई-मेलवर विश्वास ठेवून तिने पैसे पाठविले होते. २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या न्यायालयाने तो दावा फेटाळला. आपल्याकडील लिपिकाला खटल्यापर्यंत जाण्याचेही बळ नसते. निलंबन, वेतनातून कपात आणि सहकाऱ्यांची कुजबूज यांतच त्याची नोकरी करपून जाते. ज्या अध्यक्षांनी स्वतःच्या खात्यावरची पडताळणी काढावयास लावली, त्यांचे नाव चौकशीच्या अहवालात येतही नाही. सूट वर आणि शिक्षा खाली, हा व्यवहार नीतीला धरून नाही, आणि कार्यक्षमतेलाही नाही. कारण यात सवलत मागणाऱ्याला सवलतीची किंमत कधीच मोजावी लागत नाही.

छोट्या संस्थांना हे परवडणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तो पूर्णपणे खोटा नाही. चांगला संगणक-व्यवस्थापक मिळणे आणि टिकणे अवघड आहे. परंतु वर सांगितलेल्यांपैकी गट पाडणे, मोजक्या खात्यांना दुहेरी पडताळणी लावणे, जुनी खाती बंद करणे आणि सवलतींची यादी तपासणे यांना नव्या खरेदीपेक्षा चार दिवसांचे श्रम आणि वरिष्ठांची संमती अधिक लागते. संमती हीच महाग वस्तू आहे! उलट ढिलाईची किंमत आता कायद्यानेही वाढविली आहे. सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळविण्याचे बंधन 'सर्ट-इन'च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घातले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद असून, त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत आणि टप्प्याटप्प्याने अमलात यावयाचे आहेत. विद्यार्थ्यांचे पत्ते, जातीचे दाखले आणि बँक खाती सांभाळणाऱ्या महाविद्यालयांनी हा विषय यापुढे संगणक विभागाच्या टेबलावर ठेवून चालणार नाही.

म्हणून ही नियमावली कार्यकारी मंडळापुढे आली पाहिजे आणि तिच्यातील सवलतींची यादी वर्षातून एकदा तरी वाचून दाखविली गेली पाहिजे. कडक गटातील पहिले नाव अध्यक्षांचे असावे आणि ते त्यांनी स्वतःच्या सहीने घालावे. तिच्यात एक कलम असेही असावे की, जे कोणत्याही यंत्रात बसविता येत नाही. ई-मेलने आलेल्या पैशाच्या हुकुमाची खातरजमा दूरध्वनीवरून केल्याखेरीज रक्कम हलणार नाही आणि अशी विचारणा करणाऱ्या लिपिकाला उद्धटपणाचा दोष दिला जाणार नाही. 'साहेब, हे पत्र आपलेच ना?' असे विचारण्याची मुभा ज्या कचेरीत नाही, तेथे चोराला कोणतेही कुलूप फोडावे लागत नाही. साहेबांचे नाव घेतले तरी त्याचे काम भागते.